संगणकातले तीन भाऊ

माझ्या धाकट्या भावाने आमच्या सामाईक विहिरीपासून हाकेच्या अंतरावर बोअर घ्यायचं ठरवलं, आणि ते थांबवण्यासाठी मी गणित शिकायला बसलो. हे वाक्य कागदावर बघितलं की घरातली माणसं मला का हसत होती ते कळतं. माझ्या जागी दुसरा कुणी असता तर त्याने मामाला बोलावून घेतलं असतं, दोन शहाणी माणसं मध्ये घातली असती, चहा पाजून प्रकरण मिटवलं असतं. मी लॅपटॉप उघडला.

आमचं गाव शेवगावच्या अलीकडे, मोटारसायकलने फार लांब नाही. सकाळी मी शेतात असतो आणि दुपारी शेवगावात अकरावी-बारावीच्या पोरांना गणित शिकवतो. दोन्हीकडे माझ्याबद्दल फारसं चांगलं बोललं जात नाही. आम्ही तिघे भाऊ: थोरला दादा, मधला मी, आणि धाकटा. वडिलांनी रानं वाटून दिली तेव्हा विहीर मात्र वाटली नाही, पाळ्या लावून दिल्या. पहिले दोन दिवस दादाचे, मग दोन माझे, मग दोन धाकट्याचे. सातवा दिवस बाजाराचा, त्या दिवशी मोटार बंद. तेवढाच विहिरीला पाझरायला वेळ. दुसऱ्या दिवशी पुन्हा दादापासून सुरुवात.

त्याला जोडून एक रीत होती. पाळी चालू असताना वीज गेली आणि एखाद्याचे वाफे कोरडे राहिले, तर वीज आल्यावर आधी त्याने ते भरून घ्यायचे, मगच पुढच्याने मोटार धरायची. अर्धवट भिजलेलं रान सोडून उठायचं नाही, असं वडील म्हणायचे. आमच्यात कुणालाच त्यात काही वावगं दिसलं नव्हतं, कारण वीज सगळ्यांचीच जाते. त्या बाबतीत मंडळाने कधी भेदभाव केलेला नाही.

तरी धाकट्याचा कांदा दरवर्षी पाण्याला मागं राहायचा. याची कारणं घरात प्रत्येकाकडे तयार होती. दादाचं म्हणणं, तो मोटारीवर उशिरा जातो. वहिनीचं म्हणणं, त्याने ऊस लावायला नको होता. माझं म्हणणं, त्याचं रान जरा चढाला आहे, पाणी पोचायला वेळ लागतो. धाकट्याचं म्हणणं एकच होतं, की दादा पाळी संपल्यावरही मोटार चालू ठेवतो. हे तो चावडीवर बोलला. ते अर्थातच जेवणाच्या आधी दादापर्यंत पोचलं.

"घेऊ दे बोअर," दादा म्हणाला. "त्या दिवशीपास्नं त्याचं दार येगळं, माझं येगळं. दिवाळीला माझ्या उंबऱ्यात पाय ठिवायचा न्हाई."

आणि विहीर? शेजारच्या मळ्यात असंच एक बोअर पडलं होतं आणि वर्षाच्या आत जवळच्या विहिरीत शेळ्या उतरून चरत होत्या. आमची विहीर गेली असती तर तिघांचंही गेलं असतं, त्यात धाकटाही आलाच, पण रागात माणूस आपलं नाव यादीत धरत नाही. मी दोघांकडून दसऱ्यापर्यंतची मुदत मागून घेतली. म्हटलं, पाणी नेमकं कुठे कमी पडतं ते मी शोधून देतो.

"कसं?" धाकट्याने विचारलं.

"गणिताने."

"आण्णा," तो अगदी आदराने म्हणाला, "तुमी र्‍हाऊ द्या."

मार्ग माझ्या लेकीने दाखवला होता. ती नगरला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि बापाला काही शिकवायची संधी आली की सुट्टी काढून येते. ती म्हणाली, पप्पा, याला एजंटांचं सिम्युलेशन म्हणतात. संगणकात छोटी छोटी माणसं करायची. प्रत्येकाला दोन-चार नियम द्यायचे: पाणी असलं तर काय कर, वीज गेली तर काय कर. मग त्यांना एकमेकांत सोडून द्यायचं आणि काय होतं ते बघायचं. मला वाटलं, हे तर आमच्या आईने केलंच होतं.

नियम गोळा करायला मी दादाकडे गेलो. तो गोठ्यात म्हशीला वैरण टाकत होता.

"दादा, विहिरीत पाणी कमी दिसलं तर तुम्ही काय करता?"

"मोटार चालू करतो."

"आणि भरपूर असलं तर?"

"मोटार चालू करतो."

"म्हणजे पाणी बघून तुमचा निर्णय बदलत नाही?"

दादाने वैरणीची पेंढी खाली ठेवली. "मास्तर, पाळी माझी हाय का न्हाई?"

"आहे."

"मग मी बघू कशाला?"

दादाचा एजंट त्यामुळे एका ओळीत झाला. धाकट्याच्या नियमांना पानभर जागा लागली, कारण तो आधी विहिरीत डोकावतो, मग आभाळाकडे बघतो, मग दादाने मोटार चालू ठेवलीय का याचा कानोसा घेतो, मग चिडतो, आणि मग मोटार चालू करतो. माझा स्वतःचा एजंट लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला. लेकीने तो वाचला आणि म्हणाली, "पप्पा, हा माणूस नुसता विचार करतो. पाणी कधी देतो?"

अशी तीन माणसं झाली, विहीर झाली, वीज झाली. एक वर्ष चालवून बघितलं तर धाकट्याचं व्यवस्थित भिजलं. मला आनंद झाला. पुन्हा चालवलं तर माझंच कोरडं राहिलं. तिसऱ्यांदा तिघांचंही बरं चाललं. वीज कधी जाणार हे नशिबावर सोडलेलं, त्यामुळे दर वेळी उत्तर वेगळं. मी डोक्याला हात लावला. आयुष्यभर मुलांना सांगत आलो की गणिताचं उत्तर एकच असतं, आणि इथे तेच गणित दर पाच मिनिटांनी साक्ष फिरवत होतं.

तिथून खरा छळ सुरू झाला. सिम्युलेशन करणं म्हणजे चुलीवर पातेलं ठेवणं, त्यातून अर्थ काढणं म्हणजे स्वयंपाक. त्यासाठी नेटवर एक अभ्यासक्रम होता. शिकवणारे गृहस्थ परदेशी, तोंडात गरम बटाटा धरल्यासारखं बोलायचे. मी त्यांचा वेग कमी केला तर ते झोपेतून बोलल्यासारखे वाटायला लागले. कॉलेजात तासिका रिकामी असली की स्टाफरूमच्या कोपऱ्यात कानात बोळे घालून मी त्यांना ऐकायचो. इतिहासाचे सर एकदा मागे येऊन उभे राहिले आणि बराच वेळ पडद्याकडे बघून म्हणाले, "निवृत्तीनंतरची तयारी का?"

पहिला धडा: एकदा चालवून काही कळत नाही, हजार वेळा चालवा आणि सरासरी काढा. माझा लॅपटॉप लेकीने टाकून दिलेला. हजार फेऱ्या म्हटल्यावर तो पिठाच्या गिरणीसारखा घरघरायचा, आणि त्याची बॅटरी जेमतेम दहा मिनिटं टिकत असल्यामुळे स्वयंपाकघरातला एकमेव चांगला प्लग त्याला लागायचा. बायको मिक्सर हातात घेऊन उभी.

"अहो, काढा ते. चटणी करायचीय."

"मधे बंद केलं तर सगळं पहिल्यापासून."

"त्या डबड्यातल्या भावांना पाणी पाजताय ते ठीक आहे," ती म्हणाली, "पण आपल्या छपरावरची टाकी कालपासून रिकामी आहे, तेवढं एकदा वर चढून बघा."

दुसरा धडा: नुसती सरासरी फसवते, आकडे किती पसरलेत तेही बघा. तिसरा: प्रत्येक फेरीतले सुरुवातीचे आठवडे टाकून द्या, कारण विहीर काठोकाठ भरलेली धरून तुम्ही निघालेले असता आणि त्या ऐश्वर्याचा परिणाम पुढे बराच काळ राहतो. हे वाचून मला आमच्या काही नातेवाइकांची आठवण झाली. चौथ्या धड्याला मी तीनदा नापास झालो. त्यात विहिरीच्या अवस्था करायच्या होत्या, भरलेली, निम्मी, तळाला गेलेली. त्यातच कुणाचं किती भरणं मागं राहिलंय तेही धरायचं. मग एका अवस्थेतून दुसरीत जाण्याच्या शक्यतांचा चौकोनी तक्ता मांडायचा आणि त्या तक्त्याला त्याच तक्त्याने गुणत राहायचं. मी हातानेच करायला गेलो. माझे गुणाकार चुकले. लेक शेजारी बसून वाटाणे सोलत होती, तिने न बघता विचारलं, "पायऱ्या लिहिल्यात का?" हे माझं वाक्य. वर्गात मी ते इतक्यांदा वापरलंय की पोरं माझी नक्कल त्याच वाक्याने करतात.

पण गुणत गुणत गेल्यावर एक गंमत झाली, ती मात्र कबूल करतो. तक्त्याच्या सगळ्या ओळी हळूहळू एकसारख्या व्हायला लागल्या. विहीर भरलेली असो की आटलेली, कुठूनही निघा, पुरेसे आठवडे गेले की मुक्काम एकच. आणि त्या मुक्कामाला धाकटा कोरडा होता. नशिबाचा खेळ नव्हता तो, कायमचं होतं. मी म्हटलं सापडलं. चढाचं रान. मी पहिल्यापासून म्हणतच होतो.

इथे मी थांबायला हवं होतं. त्याऐवजी मी दादाकडे गेलो आणि सांगितलं.

दादाला गणितात कधीच रस नव्हता, पण त्या दिवशी त्याने मला बसायला खाट टाकली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बांधावर धाकटा भेटल्यावर त्याने सांगून टाकलं, "मास्तरच्या मशिनीत बी आलंय. तुझं रानच तसलं हाय. त्याला आमी काय करनार."

धाकटा तासाभरात माझ्या दारात. आत आला नाही, पायरीवरच उभा राहिला.

"आण्णा, तुमी बी त्येंच्यातलेच निघाले."

"अरे, मी कुणाच्यातला नाही. आकडे सांगतात."

"आकडं कोन लिव्हतंय? तुमीच ना?" तो म्हणाला. "र्‍हाऊ द्या. दसरा बिसरा काय न्हाई. सोमवारी गाडी यायला सांगितलीय."

गाडी म्हणजे बोअर पाडायची गाडी. ती एकदा रानात उभी राहिली की सासऱ्याचं ऐकून जावई परत जाईल, पण ती गाडी परत जात नाही. तो गेल्यावर मी लॅपटॉप मिटला. एवढं शिकून मी नेमकं काय केलं, तर जी भांडणं दसऱ्याला होणार होती ती आठवडाभर अलीकडे आणली.

लेकीला राग आला होता, पण तो माझ्यावर होता. "पप्पा, अदलाबदलीची चाचणी केली होती का?"

ती मी सोडून दिली होती. त्या धड्यात ते बटाटेवाले गृहस्थ सांगत होते की काही निष्कर्ष काढण्याआधी सगळे एजंट अगदी सारखे करून बघा. सारखं रान, सारखं पीक, सारखा स्वभाव. तसं केल्यावर सगळ्यांची उत्तरं सारखी आली पाहिजेत. नाही आली, तर दोष माणसांत नाही, तुमच्या मांडणीत आहे. ते ऐकून मी हसलो होतो. आम्ही तिघे भाऊ सारखे? आमच्या गावात हे कुणाला सांगितलं असतं तर त्याने मला डॉक्टरकडे नेलं असतं. म्हणून तो धडा मी पुढे ढकलला आणि मग विसरलो.

आता केला. तिघांचं रान सपाट केलं, तिघांनाही कांदा दिला, तिघांनाही दादाचा एका ओळीचा स्वभाव दिला. हजार फेऱ्या. बायकोने मिक्सर न मागता पाटा काढला, यावरून घरात काय वातावरण होतं ते समजावं.

धाकटा तरीही कोरडा.

मग नावं बदलली. धाकट्याला पहिल्या जागी, दादाला तिसऱ्या. आता दादा कोरडा आणि धाकट्याचं रान हिरवंगार. चढ नाही, आळस नाही, ऊस नाही, चोरून चाललेली मोटार नाही. जो तिसरा, तो कोरडा.

लेकीने पडद्यावर एका ओळीवर बोट ठेवलं. तिघांना कुठल्या क्रमाने विचारायचं ते त्या ओळीत लिहिलेलं होतं: थोरला, मधला, धाकटा.

"हा क्रम कुठून आणला?"

"कुठून म्हणजे? मोठा आधी."

"संगणकाला काय माहीत मोठा कोण?"

"मला माहीत आहे ना," मी म्हणालो, आणि म्हणता म्हणता माझा आवाज बारीक होत गेला. ती ओळ लिहिताना मी क्षणभरही थांबलो नव्हतो. दुसऱ्या कुठल्या क्रमाने भावांना विचारता येतं, हेच माझ्या मनात आलं नव्हतं. ताटं वाढतानाही आमच्यात तोच क्रम असतो.

पण प्रत्यक्षातही क्रम तोच होता, म्हणून संगणक खोटं बोलत नव्हता. मी सगळं पुन्हा हळूहळू उलगडून बघितलं. दादाच्या पाळीत वीज गेली की त्याचं राहिलेलं भरणं माझ्या दिवसात शिरायचं. माझं राहिलेलं, त्यात दादाचं मिसळून, धाकट्याच्या दिवसात शिरायचं. आणि धाकट्याचं राहिलेलं? ते बाजाराच्या दिवसापाशी येऊन मरायचं. त्या दिवशी मोटार बंद, आणि दुसऱ्या दिवशी पाटी कोरी करून दादा पुन्हा पहिला. राहिलेलं सगळं उतरत उतरत एकाच माणसाच्या अंगावर साठत होतं. त्याचं कुणीच काही चोरलं नव्हतं.

रविवारी सकाळी दोघांना मी विहिरीवर बोलावलं. दादा लांबून वळसा घेऊन आला आणि धाकटा त्याहून लांबून. मोटारीच्या खोलीच्या पायरीवर लॅपटॉप ठेवला तर उन्हात काही दिसेना. शेवटी दादाचा टॉवेल वर धरला आणि त्याखाली आम्ही तिघांनी डोकी घातली. बऱ्याच दिवसांनी ते दोघे एकमेकांच्या इतके जवळ आले होते.

मी समजावून सांगितलं. आधी गणिताच्या भाषेत सांगायला गेलो, ते दोन वाक्यांत थांबवलं, मग वाफ्यांच्या भाषेत सांगितलं.

दादा टॉवेलमधून बाहेर आला. "मंजे माझं चुकलं?"

"कुणाचंच नाही चुकलं. क्रमाचं आहे."

"क्रम मी लावला व्हय? बापानं लावला."

"मंजे ह्येंनी मोटार चालू ठिवलीच न्हाई?" धाकट्याने मला विचारलं. त्याच्या आवाजात सुटका नव्हती, उलट कुणीतरी हातातलं काढून घेतल्यासारखं वाटत होतं. एवढी वर्षं जपलेला आरोप होता तो.

"माझ्या हिशेबात तसं काही धरायची गरजच पडली नाही."

"हिशेब गेला उडत," दादा म्हणाला. "ठिवली का न्हाई त्ये मला इचार की."

दोघंही माझ्यावर वैतागले. दोषी कुणी नाही हे दोघांनाही परवडत नव्हतं. मी उपाय सांगितला: दर आठवड्याला पहिली पाळी वेगळ्याची. एकदा दादा, एकदा मी, एकदा धाकटा. म्हणजे राहिलेलं सगळ्यांत वाटलं जाईल.

"न्हाई," दादा म्हणाला.

"दादा, पण..."

"पयली पाळी माझी. मी हाय तवर माझी. लोकं काय म्हनतील, थोरल्याला रांगेत उभा केला."

धाकट्याने खिशातून मोबाईल काढला. तो गाडीवाल्याला लावणार हे उघड होतं. एवढ्या धड्यांत कुठेही असं लिहिलेलं नव्हतं की एजंटाने नाही म्हटलं तर काय करायचं.

दादा विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसला. वाकून पाण्याची पातळी बघितली. मग आमच्याकडे न बघता म्हणाला, "बाजारच्या दिशी मोटार बंद कशाला ठिवायची? त्याचं र्‍हायलेलं त्यानं त्या दिशी भरून घ्यावं. पाळी माझी पयली. त्याचं बी भिजतंय."

"विहिरीला पाझरायला वेळ नको का?"

"तुझ्या मशिनीला इचार."

मी टॉवेल डोक्यावर घेतला, एक ओळ बदलली आणि चालवलं. हजार फेऱ्यांना बॅटरी पुरली नसती, म्हणून मोटारीच्या खोलीतल्या प्लगात वायर घातली. वीज होती, हे एक नशीब. दोघं दोन बाजूंना उभे. आकडे आले ते मी दोनदा बघितले. धाकट्याचं जवळजवळ आमच्याइतकं भिजत होतं. पण विहिरीची सुट्टी गेल्यामुळे पाणी आमच्या दोघांचं थोडं उतरलं होतं. दादाचंही, माझंही.

"काय म्हनती?" दादाने विचारलं.

"भागतं. पण तिघांचंही थोडं थोडं कमीच राहतं. तुमचं आत्ता पूर्ण भिजतं, तसं राहणार नाही."

"तिघांचं सारखंच?"

"जवळजवळ."

दादाने टॉवेल माझ्या डोक्यावरून ओढून घेतला, झटकला आणि खांद्यावर टाकला. "मग ऊस कमी करतो एक पट्टा," तो म्हणाला. ऊस धाकट्याने लावला म्हणून वहिनी वर्षभर बोलत होती. दादाचाही आहे हे मला त्याच्या एजंटात घालायचं सुचलंच नव्हतं.

धाकटा मोबाईल हातात धरून उभाच होता. मला वाटलं तो काहीतरी बोलेल, निदान दादाकडे बघेल. तो बांधाकडे तोंड फिरवून नंबर दाबत होता.

"हां, मी बोलतोय. उद्याची गाडी हाय ना, ती..." त्याने मागे वळून विहिरीकडे बघितलं. "आता नगं. ह्यो कांदा निघू दे. मग सांगतो."

दादाने ते ऐकलं. 'मग सांगतो' हेही ऐकलं. तो वळला आणि स्टार्टर बघायला खोलीत गेला. धाकटा तिथेच उभा राहिला. मग त्याने कठड्याला टेकवलेलं फावडं खांद्यावर घेतलं आणि आत ऐकू जाईल एवढ्या आवाजात विचारलं, "ह्याच बाजारापास्नं ना, दादा?"

आतून आवाज आला, "व्हय. येळेवर ये पन."